दिनकररावांची पाणपोई

दिनकररावांनी क्लबात नाव घातलं, हे धुरपताबाईंना आठ दिवस उशिरा कळलं. आणि कळलं तेही उलटंच.

बातमी आणली शेजारच्या चांगुणाबाईंनी. विरजण मागायला आल्या, वाटी भरून घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमचा धाकटा क्लबात जायलाय म्हणं." एवढं बोलून त्या गेल्या. सोनपेठेत क्लब म्हणून धुरपताबाईंना ठाऊक असं एकच ठिकाण होतं, एसटी थांब्यामागची पत्र्याची खोली, आणि तिथं सकाळपासून पत्ते चालत. धुरपताबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं आणि दोन्ही लेकांना, दोन्ही सुनांना ओसरीवर बोलावलं.

"दिनकर, राजा-राणी वळखू येते का रं तुला?"

"कोणता राजा, माय?"

"इस्पिकाचा."

थोरले व्यंकटराव खांबाला टेकून सुपारी कातरत होते. त्यांना खरी गोष्ट माहीत होती. पण माय चुकतेय असं सांगण्यापेक्षा धाकट्या भावाचं तोंड बघण्यात त्यांना जास्त गोडी होती.

"त्यो क्लब न्हाई माय," दिनकरराव म्हणाले. "सेवा क्लब. लोकायची सेवा करतेत. परभणीला लय दिवसापासून हाय, दोन सालाखाली आपल्या गावातबी काढलाय. कापसाचे जिनवाले बन्सीधरशेठ अध्यक्ष हायेत. भगवानराव सर कार्यवाह."

"सेवा कसली?"

"लागंल तशी. दुष्काळात लेकरायला सुकडी वाटली. मागच्या साली झाडं लावली."

"सेवाच करायची तर गोठ्यात दोन म्हशी हायेत," व्यंकटराव म्हणाले. "त्यायला मेंबर कोणताबी चालतो. फॉर्म भरायचं कामच न्हाई."

धाकटी सून सगुणा हसली आणि लगेच तिनं पदर तोंडाशी नेला. दिनकररावांनी तिच्याकडे बघितलं. आपली बायको भावाच्या विनोदाला हसते, हे त्यांना गेली सहा वर्षं टोचत आलं होतं.

वडील लिंबाजीराव गेले तेव्हा दिनकरराव अकरा वर्षांचे होते. शेती, गोठा, बहिणींची लग्नं सगळं व्यंकटरावांनी ओढलं. धाकट्याला औरंगाबादेत ठेवून शिकवलं आणि बाजारगल्लीत औषधाचं दुकान काढून दिलं. दुकानावर पाटी दिनकररावांच्या नावाची होती. पण गावात अजून कोणी पत्ता विचारला, तर लोक "व्यंकटरावाच्या भावाचं दुकान" असंच सांगत. थोरल्याच्या हातून न आलेली अशी पहिलीच गोष्ट म्हणजे हा क्लब होता. आणि तो अजून पुरता मिळाला नव्हता.

क्लबाचा नियम असा, की नव्या माणसानं एक काम सुचवायचं, मग अध्यक्ष आणि कार्यवाहांनी त्याच्या घरी जेवायला यायचं, घर बघायचं आणि ठरवायचं. चौऱ्याहत्तर सालातला तो छापील फॉर्म दिनकररावांच्या दुकानातल्या गल्ल्यावर आठ दिवस पडून होता. 'आपण सुचवीत असलेले सेवाकार्य' या रकान्यात काय लिहावं, ते सुचत नव्हतं.

ते बाजारच्या दिवशी सुचलं.

भर दुपारी दुकानासमोर मिरच्या घेऊन बसलेली बायनाबाई बसल्या जागी कलंडली. चार कोसावरून दर बाजारी चालत येणारी, अंगानं काटक बाई. दिनकरराव धावले, तिला सावलीत घेतलं, ग्लुकोज घातलेलं पाणी ओठाला लावलं. तिनं दोन घोट घेतले आणि तांब्या हातानं बाजूला सारला.

"पी की पुरतं."

"बास झालं, दादा."

"सकाळपासून पाणी पेलीस का?"

"घरून निघताना पेले."

"अन् बाजारात?"

"बाजारात न्हाई पेत आमी."

"कामून?"

बायनाबाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या मिरच्यांकडे बघितलं. "असंच," ती म्हणाली आणि उठून पुन्हा आपल्या पोत्यावर जाऊन बसली.

दिनकररावांनी तांब्या उचलला आणि ते दुकानात परतले. त्याच संध्याकाळी त्यांनी रकाना भरला आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवला: "बाजाराच्या ठिकाणी थंड पाण्याची पाणपोई. कैलासवासी लिंबाजीराव यांच्या स्मरणार्थ. विशेषतः स्त्रियांसाठी."

थोरल्या कुसुमबाईंना ठसका लागला. सगुणा भाकरी उलथायला चुलीकडे वळली ती बराच वेळ वळलेलीच राहिली. धुरपताबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "घागरी चांगल्या मोठ्या ठिव."

*

सगुणानं एकदा सरळ सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिनकरराव जेवून जरा आडवे झाले होते, तेव्हा ती उंबऱ्यावर बसली.

"बाजारात पाणी हाय की," ती म्हणाली. "हापसा हाय. पारापाशी रांजण हाय."

"मग त्या पेत कामून न्हाईत?"

"त्येच तर मी इचारायले. कामून पेत न्हाईत?"

दिनकररावांनी विचार केला. "हापसा लांब पडत असंल. माल सोडून कोण जाणार?"

"तुमी पाणी पेता का दुकानात?"

"चार तांबे पेतो."

"अन् मग?"

"मग काय? तहान भागती."

"त्येच्या मग?"

"मग दुकान."

सगुणानं एक उसासा टाकला. या माणसाला दीडशे औषधांची मात्रा तोंडपाठ होती. कोणत्या गोळीनं लघवीला रंग येतो, हेही तो गिऱ्हाइकाला न लाजता सांगायचा. पण ते गिऱ्हाइकाला. स्वतःच्या नवऱ्यापुढे तो शब्द उच्चारणं सगुणाला जमेना, आणि त्याशिवाय त्याला कळेना.

"तुमचं दुकान घरापासून हाकेवर हाय," ती म्हणाली. "बायनाबाईचं घर चार कोसावर हाय."

दिनकरराव उठून बसले. "एसटीचं म्हणतीस व्हय? ती गोष्ट डेपोची हाय, सगुणा. क्लबाच्या हातात न्हाई ती."

सगुणाला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"माझ्या कामाला हसायलीस."

"न्हाई, न्हाई. तुमी लय चांगले हाव," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात पळाली.

तिथं कुसुमबाई आणि धुरपताबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सगुणानं एसटीची गोष्ट सांगितली तेव्हा धुरपताबाई इतक्या हसल्या, की टोपलं कलंडलं. हसून झाल्यावर त्यांनी शेंगा वेचता वेचता विचारलं, "पर खरंच बांधायची म्हटली तर जागा कुठं हाय गं?"

"बाजाराच्या मागं आपली पट्टी हाय न्हवं, आत्याबाई," सगुणा म्हणाली. "तीन अंगानं भिंत हाय. पुढचा आडोसा तेवढा घालायचा."

ती पट्टी धुरपताबाईंच्या नावावर होती. सासऱ्यांनी लग्नात दिलेली, बैलगाडी वळेल एवढीच मोकळी जागा.

कुसुमबाईंचा हात शेंगेवर थांबला. "ती जागा कडब्याला ठरलीय," त्या म्हणाल्या.

"कडबा काय, कुठंबी—"

"कुठंबी म्हंजे माझ्या दारात. पंधरा वर्षं हाय. आता दुसरी जागा बगा तुमी."

त्या उठल्या, शेंगांचं सूप तिथंच ठेवलं आणि निघून गेल्या.

कुसुमबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. कडब्याची गंजी त्यांच्या खोलीपुढे रचली जाई. धूळ, कुसळं, उंदीर, आणि मागच्या पावसाळ्यात तर लेकीच्या पायापुढून साप गेला होता. पंधरा वर्षं मागे लागल्यावर नवऱ्यानं आत्ता कुठं शब्द दिला होता की दिवाळीनंतर कडबा पट्टीवर हलवू. धाकट्या जावेवर त्यांचा जीव होता. व्यंकटरावांच्या टोमण्यांपासून त्यांनीच तिला किती वेळा वाचवलं होतं. म्हणून तर जास्त राग आला. सगुणाची खोली मागच्या अंगाला होती. तिच्या दारात कडबा नव्हता.

दोन दिवस दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. पीठ हवं असलं तर सगुणा पोरीमार्फत मागे. कुसुमबाई डबा पुढे सरकवून दुसरीकडे बघत. धुरपताबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "घर कसं देवळावानी शांत झालंय गं. असंच ऱ्हाऊ द्या. मला जपाला बरं पडतंय."

कोणी हसलं नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र कुसुमबाईंना एक जुनी गोष्ट आठवत राहिली. लग्न होऊन महिना झाला होता. बांगड्या भरायला म्हणून सासू पहिल्यांदा बाजारात घेऊन गेली. सकाळी निघालेल्या, दिवस कलला तरी परतायचं नाव नाही. वाटेत माणसंच माणसं. नव्या नवरीनं सांगायचं कुणाला? घरी आल्यावर ताप भरला, ओटीपोटात आग, चार दिवस रडून काढले. नजर लागली म्हणून सासूनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. कुसुमबाईंनी खरं काय ते आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. पण तेव्हापासून त्यासुद्धा बाजारात पाणी पीत नव्हत्या. ती सवय आहे असंच त्यांना वाटत होतं.

*

जेवणाच्या दिवशी सकाळपासून दिनकररावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी ओसरी दोनदा झाडून घेतली, परीटघडीचा सदरा घातला, काढला, पुन्हा घातला. एक काळजी त्यांनी कोणालाच बोलून दाखवली नव्हती. भगवानराव सर हायस्कुलात गणित शिकवत. पेडगावचं त्यांचं घराणं छप्पन साली दीक्षा घेऊन बौद्ध झालेलं. शाळेत, दुकानात, क्लबात सगळे त्यांना मान देत. पण या घरात जेवायला ते पहिल्यांदाच येत होते. पंगत कशी मांडायची, हे मायला कसं विचारावं ते कळेना. विचारण्याआधीच धुरपताबाईंनी चार पाट काढले, एका ओळीत मांडले, चारी ताटांभोवती सारखीच रांगोळी ओढली आणि म्हणाल्या, "असा खांबासारखा उभा ऱ्हाऊ नगस. तांबे भर."

ते तांबे भरू लागल्यावर धुरपताबाईंनी सहज विचारलं, "तर पाणपोईच सांगणार तू?"

"व्हय. का?"

धुरपताबाईंनी इकडेतिकडे बघितलं. गाडीचा आवाज अजून आला नव्हता. "हे बघ बापा. तुझी बायको लाजती. मी म्हातारी झाले, मला कशाची लाज? बायका बाजारात पाणी पेत न्हाईत, कारण मुतायला जागा न्हाई. पाणपोई बांधलीस तर त्यायला तिच्यापुढून तोंड फिरवून जावं लागंल. हाय का ध्यानात?"

दिनकररावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बायनाबाईनं बाजूला सारलेला तांब्या, सगुणाचे प्रश्न, एसटी, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. ते कानापर्यंत लाल झाले.

"मग तू आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?" धुरपताबाई म्हणाल्या. "तू वाचून दाखवलंस."

तेवढ्यात दारात जीप थांबली.

बन्सीधरशेठ म्हणजे टापटिपीचा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, वर कोट, आणि जेवणाआधी हात तीनदा धुवायची सवय. भगवानराव सर उंच, सावळे, डोळ्यांत सदा एक मिस्किल चमक. पुरणपोळी वाढली गेली, तूप पडलं, सार भुरकलं गेलं. शेठनी घर बघितलं, वडिलांचा फोटो बघितला, शेतीची चौकशी केली. व्यंकटरावांनी उत्तरं दिली. मग सरांनी खिशातून फॉर्म काढला.

"दिनकरराव, हा रकाना तुम्ही तोंडानं सांगा. पाणपोई लिहिलीय. उत्तम आहे."

सगुणा पोळीचं ताट घेऊन उभी होती. ती थांबली.

दिनकररावांनी घसा साफ केला. पाणपोईला शेठची मान डोलली होती. आत्ता हो म्हटलं की झालं. उद्यापासून ते क्लबाचे. त्यांनी सगुणाकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पोळ्यांकडे बघत होती.

"शेठ, पाणपोई... हे अर्धंच काम हाय."

"असं? मग बाकीचं अर्धं?"

"बाजारात ज्या बायका येतेत, त्यांच्या... देहधर्माची सोय."

"धर्माची? वा," शेठ म्हणाले. "धर्मशाळा म्हणायलाव तुमी."

"धर्मशाळा न्हाई. म्हंजे आपलं... निसर्गाचं..."

"झाडं? झाडं तर आपण मागच्या सालीच लावली. अर्धी शेळ्यायनी खाल्ली."

भगवानराव सरांनी सारात तोंड घातलं. त्यांना कळलं होतं आणि ते मदतीला येणार नव्हते. दिनकररावांनी आणखी दोन संस्कृत शब्द शोधले. दोन्ही घशात अडकले.

व्यंकटरावांना हे सगळं मूर्खपणाचं वाटत होतं. पट्टीवर सगुणाचा डोळा आहे, हे कुसुमबाईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि आपल्या जागेत असलं काही होऊ द्यायचं नाही हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. गप्प बसले असते तर शेठच्या बगिच्यात, धर्मशाळेत तो विषय आपोआप विरून गेला असता. पण भाऊ समोर घाम पुसत होता. लहानपणी मास्तरांपुढे उभं केलं की हे पोरगं असंच अडखळायचं, आणि घरी येऊन भिंतीला तोंड करून बसायचं. ते व्यंकटरावांना तेव्हाही बघवत नसे.

"मुतारी म्हणायलाय त्यो, शेठ," ते म्हणाले. "बायकायची मुतारी."

भुरके थांबले. शेठचा घास ताटापासून एक वीत वर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि जपून म्हणाले, "दिनकरराव, विषय जरा नाजूक हाय. तुमचा हेतू चांगला हाय. पण परभणीचे लोक उद्घाटनाला येतेत. फोटो निघतो. आपण कशापुढं उभं ऱ्हायचं?"

"शेठ," दारातून आवाज आला. धुरपताबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उंबऱ्यात आल्या होत्या. "तुमच्या जिनात बायका किती हायेत कामाला?"

"असतील साठ-सत्तर."

"दिसभर?"

"सकाळी आठला येतेत, सांजच्याला जातेत."

"मधी त्या कुठं जातेत?"

"ते... मुकादमाला ठाव असंल."

"मुकादम बाप्या हाय का?"

"हाय."

"मग त्यालाबी ठाव नसंल," धुरपताबाई म्हणाल्या. "लय गुणाच्या बाया हायेत म्हणायच्या तुमच्याकडं. सत्तर जणी, अन् मालकाला पत्ता न्हाई."

व्यंकटरावांनी खाली बघितलं, कारण त्यांना हसू येत होतं आणि पाहुण्यांसमोर हसणं बरं दिसलं नसतं. शेठ मात्र हसले नाहीत. ते ताटाकडे बघत राहिले.

भगवानराव सरांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून घेतलं. "माझी माय याच बाजारात सरपणाच्या मोळ्या विकायला यायची," ते म्हणाले. "मी तिच्याबरोबर असायचो. उन्हाळ्यातसुद्धा तिनं बाजारात कधी पाणी पिलेलं मला आठवत नाही. मला वाटायचं, तिला तहानच लागत नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मोठेपणी गणित शिकलो, पण हे गणित आत्ता सुटलं, आई."

मग सर पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जागेचं काय?"

"जागा हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "माझी."

"ती कडब्याला ठरलीय, माय," व्यंकटराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पक्का होता. "मी शब्द दिलाय घरात."

जागा धुरपताबाईंची असली, तरी शब्द थोरल्या सुनेला दिलेला होता, आणि तो आपण मोडायचा नाही हे त्यांना कळत होतं. सगुणा पोळ्यांचं ताट घेऊन तशीच उभी. दिनकररावांनी मान खाली घातली.

"कडबा ऱ्हाऊ द्या दारात."

आवाज स्वयंपाकघराच्या दाराआडून आला. व्यंकटरावांना पहिल्यांदा कळलंच नाही की कोण बोललं. परक्या माणसांदेखत कुसुमबाई नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"काय म्हणलीस?"

"कडबा ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय." दाराआड बांगड्या वाजल्या. "ह्येची सवय लागू नये कुणाला."

व्यंकटरावांनी पंधरा वर्षं कडब्यावरून बोलणी खाल्ली होती. दर पेरणीला, दर सुगीला, पाहुणे आल्यावर, पाहुणे गेल्यावर. ही बाई ते एका वाक्यात सोडून देते, म्हणजे त्यामागे असं काही आहे, जे तिनं आपल्याला कधी सांगितलं नाही. काय, ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, सारात बुडवला.

"बारा फूट घ्या," ते म्हणाले. "तेरावा न्हाई. अन् आडोसा तोंडासमोर आडवा घ्या, न्हाईतर बाजारातून सरळ आत दिसंल. भिंत साडेसहा फूट. अन् दाराची कडी आतून, मजबूत."

"तुमीच बघा की बांधकाम," दिनकरराव हळूच म्हणाले.

"मी क्लबात न्हाई."

"म्हणूनच चांगलं हुईल," धुरपताबाई म्हणाल्या.

शेठ अजून विचारात होते. "एक राहिलं," ते म्हणाले. "बांधू. पण रोज साफ कोण करणार?"

प्रश्न साधा होता. पण तो विचारताना शेठची नजर नकळत उजवीकडे, भगवानराव सरांच्या पाटाकडे गेली. शेठच्या मनात काही नसेल. जुनी वाट होती, नजर आपली गेली. सरांनी ती बघितली.

"माझ्याकडे नका बघू, शेठ," ते हसत म्हणाले. "मी कार्यवाह आहे. मी फक्त पाळ्या लावणार."

शेठ कानशिलापर्यंत लाल झाले. "सर, मी तसं..."

"तुम्ही तसं नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर हसून सांगितलं." सरांनी फॉर्म मांडीवर घेतला. "आपण सतरा मेंबर. दर बाजार उठला की एकानं खराटा आणि बादली घ्यायची. सेवा क्लब आहे ना आपला? अध्यक्षापासून सुरू करू, की नव्या मेंबरापासून?"

"माझ्यापासून," दिनकरराव म्हणाले. या खेपेला एकही शब्द अडकला नाही.

शेठनी एक लांब श्वास सोडला. "अन् दुसरी पाळी माझी," ते म्हणाले. मग आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे बघून पुटपुटले, "त्या दिवशी पायजमा घालावा लागंल."

सरांनी पेन काढलं. 'पाणपोई' हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व तदनंतर लागणारी सोय', आणि खाली सही करून फॉर्म शेठपुढे धरला. इतका वेळ थांबलेल्या पोळ्या एकदम ताटांत आल्या. भगवानराव सरांना तीन वाढल्या गेल्या, आणि ते नको म्हणत असताना चौथीही.

दिनकररावांच्या ताटात सगुणानं पोळी वाढली आणि वाकून, त्यांनाच ऐकू जाईल असं विचारलं, "एसटीचं काय ठरलं मग?"

*

बांधकाम व्यंकटरावांनीच बघितलं. गवंड्यानं एक विटेचा थर तिरका लावला म्हणून त्यांनी तो दोनदा पाडायला लावला. क्लबाच्या एकाही मेंबरला त्यांनी तिथं फिरकू दिलं नाही. त्याच महिन्यात एका सकाळी दोन गाड्या दारात लागल्या आणि कडब्याची गंजी शेतातल्या आंब्याखाली गेली. "म्हशी आता शेतातच बांधायच्या, घरी लय माश्या होतेत," असं व्यंकटरावांनी सांगितलं. कुसुमबाईंनी मोकळ्या दारात सडा घातला आणि माशांविषयी एक शब्द विचारला नाही.

पौष महिन्यातल्या एका बाजारच्या दिवशी उद्घाटन झालं. परभणीहून क्लबाचे मोठे पदाधिकारी आले, फोटोवाला आला, लाल फीत बांधली गेली. बाजूला दिनकररावांनी रांजण मांडून पाणपोईही केली होती. भाषणं झाली. "स्त्रियांच्या सोयीचे हे दालन" असं पाहुणे तीनदा म्हणाले आणि ते दालन कशाचं, ते एकदाही म्हणाले नाहीत. बाजारातल्या बायका मात्र दूर, धान्याच्या पोत्यांपलीकडे घोळक्यानं उभ्या होत्या. पदराआडून हसत होत्या, कुजबुजत होत्या, आणि एकही पुढे येत नव्हती.

फीत कापायला धुरपताबाईंना बोलावलं. त्यांनी कात्री घेतली, फीत कापली, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडं बघा." धुरपताबाईंनी तिकडं बघितलं नाही. त्या आडोशामागे गेल्या आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

टाळ्या हळूहळू विरल्या. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. बन्सीधरशेठनी गळ्यातला हार सारखा केला. भगवानराव सर आभाळाकडे बघत राहिले. दिनकररावांना कुठं बघावं ते कळेना, म्हणून ते रांजणातलं पाणी ढवळत राहिले.

बऱ्याच वेळानं धुरपताबाई बाहेर आल्या. पदर सारखा केला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पाणी कमी हाय, आत अजून दोन घागरी ठिवा. अन् आता तुमी सगळे बाप्ये इथून जावा बरं."

"आजी, एक सामूहिक फोटो..." पाहुणे म्हणाले.

"तुमचं झालं की न्हाई उद्घाटन? आता आमचं हुं द्या."

मग व्यंकटराव पुढे झाले, त्यांनी परभणीच्या पाहुण्यांना चहाची वाट दाखवली आणि सगळा क्लब हार घातलेला, बिल्ले लावलेला, त्यांच्या मागोमाग बाजारगल्लीनं चालू लागला. दिनकरराव सगळ्यांत शेवटी होते. दहा पावलं गेली असतील-नसतील, मागे कुणीतरी कुणाला तरी ढकलल्याचा, बांगड्यांचा, एकदम फुटलेल्या हसण्याचा आवाज आला. मग कडी लागली, आणि आणखी हसणं.

बन्सीधरशेठची मान आपोआप वळू लागली. व्यंकटरावांनी त्यांचं कोपर धरलं.

"शेठ," ते म्हणाले, "म्होरं बगा."